तळकोकणातल्या घरी, अबोला मोडून परत जाताना

माझे वडील आणि काका १४ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कारण विचाराल तर एक गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत. सावंतवाडीच्या पुढे, आमच्या मूळ घराच्या परड्यात चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. तो काकांनी एका मे महिन्यात दोन हात आमच्या बाजूला सरकवला, असं वडील म्हणायचे. काका म्हणायचे, गडगा आजोबांनीच तिथे घातला होता, पावसात कोसळला तो मी नुसता परत रचला. वडील गेले तेव्हा काका मुंबईला आले नाहीत, आणि आमच्या घरात त्या दिवसापासून काकांचं नावही कुणी काढेना. दोन वर्षांनी मी एकटी गावी गेले. आज त्या घरी माझं येणं-जाणं आहे.

सिंधुदुर्गातली, दक्षिण रत्नागिरीतली अशी पुष्कळ घरं मला माहीत आहेत. मुंबईत, पुण्यात, बडोद्याला, दुबईला राहणारी माणसं मला विचारतात की तू कसं केलंस. जे उपयोगी पडलं आणि जे चुकलं, ते सगळं इथे मांडते.

भांडण नेमकं कशाचं होतं ते आधी शोधा

गाडीचं तिकीट काढायच्या आधी हे काम करा, आणि त्याला महिना लागला तरी लागू द्या. एक वही घ्या. एका पानावर तुमच्या घरात सांगतात ती हकीकत लिहा. समोरच्या पानावर त्यांच्या घरात काय सांगत असतील ते लिहा. दुसरं पान कोरं राहिलं तर तुम्ही अजून जायला तयार नाही. मग विचारायला लागा. सगळ्यात चांगली माहिती आत्या देते, कारण ती दोन्ही भावांची बहीण असते आणि दोन्हीकडचं ऐकून बसलेली असते. तिला पोहे करायला लावून मोकळ्या दुपारी विचारा, फोनवर नको.

आपल्याकडे वरवर भांडण गडग्याचं, वाटेचं, विहिरीचं नाहीतर माडाच्या नारळांचं असतं. खालचं भांडण बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि ते जुनं असतं. एक भाऊ मुंबईला गिरणीत लागला, दुसरा आई-वडिलांजवळ गावी राहिला. मुंबईवाल्याने वर्षानुवर्षं मनीऑर्डर पाठवली म्हणून त्याला वाटतं की घर मी चालवलं. गावच्या भावाने शेती केली, म्हाताऱ्यांची हगणी-मुतणी काढली, म्हणून त्याला वाटतं की घर मी चालवलं. दोघांचंही खरं असतं. १९८२ च्या गिरणी संपात कितीतरी कुटुंबं मुंबईची खोली सांभाळता येईना म्हणून गावी येऊन राहिली. त्या दिवसांत कुणी कुणाला किती महिने पोसलं, कुणाच्या बायकोने भाताच्या कणगीकडे बघून काय म्हटलं, हे आजही बोलून दाखवलं जातं. शिवाय मुंबईची ती खोली पुढे कुणाच्या नावावर झाली, हा एक वेगळाच काटा.

आमच्या बाबतीत आत्याने जे सांगितलं ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते. वडील गेल्याचा निरोप आम्ही भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. काकांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना चौथ्या दिवशी रिक्षा स्टँडवर कुणीतरी विचारलं, 'भाऊ गेलो मां तुझो?' त्यांना आपला सख्खा भाऊ गेल्याचं असं कळलं. ते घरी गेले आणि उरलेले दिवस सुतक पाळलं, देवाला हात लावला नाही, बाराव्यापर्यंत दाढी केली नाही. आमच्या पानावर लिहिलं होतं, 'आले नाहीत.' त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं, 'बोलावलं नाही.'

तुमच्याही वहीत अशी एखादी ओळ निघेल. भेटीत सगळ्यात आधी त्याच ओळीबद्दल बोलायचं असतं, म्हणून ती शोधल्याशिवाय जाऊ नका.

याच वहीत एक यादीही करा: गेल्या काही वर्षांत त्या घरात कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, नातवंडांची नावं काय, कुणाला डायलिसिस सुरू आहे, कुणाची बायपास झाली. गेलेल्या माणसाबद्दल 'बरी आहे ना?' असं विचारलं की पुढची दहा वर्षं गेली म्हणून समजा.

निरोप कुणी न्यायचा

न सांगता जाऊन दारात उभं राहायचा मोह होतो. ते करू नका. समोरच्याला ओट्यावर उभं राहून चेहरा ठरवायला वेळ मिळत नाही, आणि शेजारचे बघत असतात. आधी निरोप जाऊ द्या.

निरोप नेणारं माणूस त्या घरात जेवायला बसू शकेल असं हवं. आत्या असेल तर उत्तमच. ती नसेल तर त्या घरची लग्न होऊन गेलेली मुलगी, नाहीतर काकीच्या माहेरचं कुणी. गावातला पुढारी, तुमच्या बाजूचा वकील, भांडणात कधी तोंड घातलेला शेजारी यांना बाजूला ठेवा. ग्रुपवर तर एक अक्षरही लिहू नका.

निरोप छोटा हवा. मी पाठवला तो असा: 'अमुक तारखेला मी वाडीत येतेय. घर बघावंसं वाटतं. काकांना चालणार असेल तर अर्धा तास येऊन जाईन. दुसरं काही बोलायचं नाही.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुलगी इतक्या वर्षांनी येते म्हटल्यावर गावात पहिला विचार एकच येतो, हिस्सा मागायला आली. मुलींना मुलाइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतर तर येतोच येतो.

उत्तर 'बघूया' असं आलं तर तो होकार समजा. आपल्याकडे नकार असेल तर निरोप्याला चहासुद्धा मिळत नाही.

कधी जायचं

सगळे सांगतात, चतुर्थीला जा, गणपतीसमोर सगळं मिटतं. माझं मत उलट आहे. पहिली भेट चतुर्थीत ठेवू नका. घर भरलेलं असतं, काकी पहाटेपासून चुलीशी, प्रत्येक जण तुमच्याकडे बघणार, आणि पुष्कळ घरांत भांडणच गणपतीच्या पाळीवरून किंवा खर्चावरून झालेलं असतं. मे महिनाही टाळा. आंबा-काजूचे दिवस, सगळे मुंबईकर आलेले, मोजणीवाल्यांच्या चर्चा.

जत्रेचे दिवस मला सगळ्यात चांगले वाटतात. कार्तिकापासून पुढे गावागावांत ग्रामदेवतेच्या जत्रा सुरू होतात, भात घरात आलेलं असतं, माणसं जरा निवांत असतात. जत्रेला आलेल्या माणसाला 'का आलास?' असं कुणी विचारत नाही. रात्री दशावतार बघायला सगळे एकाच पटांगणात बसतात, तिथे आधी नुसती नजरभेट होते, मान हलते. दुसऱ्या दिवशी घरी जाणं त्यामुळे खूप सोपं होतं. जत्रेतलं मालवणी खाजं पोरांसाठी घेतलंत की हातात काय न्यायचं हा प्रश्नही सुटला.

एका प्रसंगाला हे कुठलंच गणित लागू नाही. भावकीत कुणी गेलं तर लगेच निघा, निरोपाची वाट बघू नका. बोलणं असो नसो, सुतक दोन्ही घरांना लागतं. ज्या दारातून तुम्हाला कधी आत घेतलं नसतं ते दार त्या दिवसांत उघडं असतं. जा, बसा, जुनं काही काढू नका, आणि उठताना 'येतो' म्हणू नका.

पहिली भेट

राहायची सोय बाहेर करा. सावंतवाडीत, कुडाळात लॉज मिळतात. 'रात्री कुठे राहणार?' हे ओझं त्यांच्यावर पडता कामा नये. दादरहून तुतारी एक्सप्रेस किंवा रात्रीची कोकणकन्या सोयीची. सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावात आहे, तेव्हा तिथून रिक्षा करावी लागते. रिक्षावाला विचारणारच, 'खयच्या घराक?' घराण्याचं नाव नीट सांगा. लपवलंत तर संध्याकाळपर्यंत वेगळीच गोष्ट फिरते. 'का आलात?' याला एकच उत्तर ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या: 'घर बघूक इलंय.'

सकाळी साडेदहा-अकराची वेळ धरा. पेज-न्याहारी झालेली असते, जेवणाला अवकाश असतो, म्हणजे जेवायला थांबवायचं की नाही ही पंचाईत त्यांच्यावर येत नाही.

हातात थोडंच न्या. म्हाताऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं काही, आणि देवासमोर ठेवायला एक नारळ. भारी साडी, मिठाईचे मोठे खोके, पैशाचं पाकीट, यातलं काही नको. इतक्या वर्षांची किंमत लावायला आल्यासारखं दिसतं.

खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चपला काढा. पडवीत बसायला सांगतील तिथे बसा, आपण होऊन माजघरात शिरू नका, लहानपणी तिथे लोळला असलात तरी. थोडं बसून झालं की 'देवाला नमस्कार करू?' असं विचारा. त्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि त्या निमित्ताने तुम्ही घरात जाता.

मी गेले तेव्हा काका पडवीत आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. काकी आतून आली, मला बघितलं आणि परत आत गेली. मला वाटलं संपलं. पाचेक मिनिटांनी ती स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. पेल्यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, त्यांच्या लग्नातला आहेर. एवढ्या वर्षांत तो पेला फडताळातून काढून टाकलेला नव्हता. काकीने पदराने त्याचा बूड पुसला आणि माझ्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही.

चहा पिऊन झाल्यावर मी जे बोलायला आले होते ते बोलले. 'काका, बाबा गेले तेव्हा तुम्हाला आमच्यापैकी कुणी फोन केला नाही. आमचं चुकलं. तुम्हाला स्टँडवर कळलं हे मला आत्ता आत्ता समजलं.' एवढंच.

माफीबद्दल माझा अनुभव असा की ती एका ठरावीक गोष्टीची हवी. 'झालं गेलं विसरून जाऊ' हे वाक्य घरून निघतानाच टाकून द्या. ज्याला लागलेलं असतं त्याला ते हिशेब बुडवल्यासारखं वाटतं. 'पण तुम्हीसुद्धा...' हेही नको. तुमच्या वडिलांची बाजू मांडायला तुम्ही गेलेला नाही. आणि गेलेल्या माणसाच्या वतीने माफीही मागू नका, तो अधिकार आपल्याला नाही. आपल्या वाटणीची चूक सांगायची आणि थांबायचं.

मग जी शांतता येते ती भरून काढायला जाऊ नका. काका बराच वेळ माडाकडे बघत होते. मग म्हणाले, 'तुका माडाचा पाणी आवडायचा.' आणि शहाळं उतरवायला त्यांनी नातवाला हाक मारली.

अर्ध्या तासाने उठा. थांबा म्हणाले तरी पहिल्या वेळी उठाच. मी निघाले तेव्हा काकीने तांदूळ आणि नारळ घालून माझी ओटी भरली. मुलगी असाल तर ही रीत तुमच्या बाजूने आहे, माहेरवाशिणीला रिकामी पाठवत नाहीत. ओटी भरायला कुंकवाचा करंडा बाहेर आला की पुढच्या भेटीची काळजी करायला नको. (काही घरांत विधवा बाईची ओटी अजूनही भरत नाहीत. तुमच्यावर तशी वेळ आली तर दुखेल, हे माहीत असू द्या. त्या दिवशी त्यावर वाद घालू नका.)

जमिनीचा विषय

हा पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्याही नाही. आणि कधी काढलात तरी घराच्या पडवीत काढू नका. दोन्ही घरच्या लोकांनी तालुक्याच्या गावी, कागद समोर ठेवून बोलावं. पडवी नात्यासाठी राहू द्या.

तोपर्यंत आपल्यापुरती माहिती करून घ्या, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आता ऑनलाइन निघतात. जुने फेरफार, म्हणजे नावं कधी-कशी बदलली त्याच्या नोंदी, बघा, वडिलांच्या मागे वारस नोंद झाली आहे का ते बघा. नसेल तर ती करून घेणं हे भांडण नव्हे, पण तलाठ्याची नोटीस सहहिस्सेदारांच्या घरी जाते, म्हणून आधी फोन करून सांगा: 'नोटीस येईल, फक्त नाव लागतंय, घाबरू नका.' हा एक फोन केला नाही म्हणून नव्याने तुटलेली घरं मी बघितली आहेत.

सगळे सहहिस्सेदार तयार असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, कोर्टात जावं लागत नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून केला तर फार फरक पडतो. एकट्याने केलात की मोजणीवाला खुणा ठोकतो त्या क्षणी दुसरा भाऊ गडग्यावर उभा असतो. दावा आधीच कोर्टात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन तो लोक अदालतीत घ्यायला सांगा. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील होत नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

बहिणींना विसरू नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २००५ साली वडील हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आत्याला बाजूला ठेवून दोन भावांच्या घरांनी केलेलं वाटप पुढच्या पिढीत परत उसवतं. आणि गहिवरून जाऊन हक्कसोडपत्रावर सही करू नका. ओटी भरली त्या आठवड्यात तर मुळीच नको. सोडायचंच असेल तर वर्षभराने, शांत डोक्याने, आपल्या वकिलाला दाखवून सोडा.

पुढचं वर्ष

भेटीनंतर पंधरा दिवसांनी पहिला फोन करा, कामाशिवाय. 'पाऊस कसा आहे?' हा आपल्याकडे पूर्ण विषय आहे. शक्य तो फोन काकीला करा. नाती पुरुष तोडतात म्हणतात, पण ती चालू ठेवणं किंवा बंद ठेवणं चुलीपाशी ठरतं. माझ्या आईने पहिले सहा महिने काकीशी बोलायला नकार दिला. मी तिला आग्रह केला नाही. तिच्याही वहीत पानं होती.

पितृपक्षात 'यंदा म्हाळ कधी?' असं विचारा. पूर्वज दोघांचे एकच, त्यामुळे तो प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि आमंत्रण आलं तर ते मोठंच. चतुर्थीच्या आधी वर्गणी पाठवायची असेल तर किती ते त्यांनाच विचारा, जास्त पाठवून मोठेपणा करू नका. चतुर्थीला गेलात तर बायकांबरोबर मोदक वळायला बसा, पुरुष असाल तर माटवी (गणपतीच्या वर रानफुलं-फळं टांगायची चौकट) बांधायला हात लावा. तेरडा, कवंडळं आणायला पोरांबरोबर रानात जा. पाहुण्यासारखं खुर्चीत बसलात तर पाहुणेच राहाल. रात्री भजनाला वाडी जमते, उसळ-पाव होतो, आणि तुम्ही त्या घरच्या पडवीत बसला आहात हे अख्ख्या गावाला दिसतं. वेगळं जाहीर करावं लागत नाही.

एखादा टोमणा येणारच. 'आता आठवण झाली?' त्याला मी 'हो, उशीर झाला' एवढंच म्हणते.

दार उघडलं नाही तर

काही घरी जाऊच नये. जिथे मारहाण झाली, लहानपणी अंगाला हात लावला गेला, बायकोला जाळायची धमकी दिली गेली, तिथे रक्ताचं नातं म्हणून परत जायचं कारण नाही, आणि 'मोठ्यांचं मनावर घेऊ नये' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तिथल्या एखाद्या माणसाशी, बहिणीशी, चुलत भावाच्या बायकोशी, बाहेर भेटून नातं ठेवता येतं.

आणि काही घरी तुमचं काही चुकत नाही, तरी उत्तर येत नाही. आमच्याच भावकीत एक घर आहे, वडिलांच्या चुलत भावाचं, आमच्यापासून चार घरं सोडून. तिथे मी निरोप पाठवला, तीनदा. पहिल्यांदा 'नको', मग काहीच नाही. गर्दीत गाठून, देवळात अडवून, गाऱ्हाण्यात त्यांचं नाव घालून दबाव आणायचा सल्ला मला लोकांनी दिला. मी तसं केलं नाही, तुम्हीही करू नका. दर चतुर्थीला त्यांच्या गणपतीसमोर ठेवायला शेजारच्या पोराच्या हाती एक नारळ पाठवते, सोबत निरोप नाही. पहिली दोन वर्षं तो पोरगा नारळ तसाच परत घेऊन आला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या सुनेने तो घेतला आणि पोराच्या हातावर दोन मोदक ठेवले.

आमचा गडगा अजून आहे तिथेच आहे. मोजणीचा अर्ज या दिवाळीनंतर काका आणि मी मिळून करणार आहोत. त्यांचं म्हणणं आहे की मोजणी झाली की कळेलच तुला, आजोबांनीच घातला होता तो.